ओंडक्याची फळी : घरच्या घरी लाकूड कापण्याविषयी

दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. त्यांची शेती उमरेडच्या बाजूस असून शेताच्या धुऱ्यावर सागाची चाळीसएक झाडे उभी आहेत. मुलाने त्यांना मोबाइलवर एक चलच्चित्र दाखविले होते. अमेरिकेतील कोणी शेतकरी आपल्या अंगणात लहानसे यंत्र मांडून स्वतःच्याच रानातील ओंडक्यांच्या फळ्या पाडीत आहे, असे ते दृश्य. ते पाहून ह्या गृहस्थांच्या मनाने घेतले की, आपणही असेच यंत्र घ्यावे, घराची दारे-खिडक्या आपल्याच सागाच्या कराव्या आणि पुढे गावाचेही काम करावे. "सर, सोसायटीचे कर्ज मिळते आहे. तुम्ही विज्ञान शिकविता. घेऊ की नको, एवढे एकदा सांगा," असे ते म्हणाले. मुलगा शेजारी उभा होता व माझ्या तोंडाकडे पाहत होता.

कर्ज काढून काही लाखांचे यंत्र घेण्याचा हा प्रश्न. त्याचे उत्तर उभ्याउभ्या देणे मला प्रशस्त वाटले नाही. मी पंधरा दिवसांची मुदत मागितली. त्या पंधरा दिवसांत जे वाचले, लकडगंजातील जाणत्या मिस्त्रींना जे विचारले आणि माझ्या स्वतःच्या घरी पूर्वी जी फजिती झाली होती तीतून जे शिकलो होतो, ते सर्व त्यांना सांगितले. तेच येथे विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

प्रथम करवतीचाच विचार करू. विदर्भात जुन्या लुगड्यांना करवतकाठ असे. त्या काठावरचे दाते पाहून करवतीचे सगळे दात सारखेच असतात अशी मुलांची समजूत होते. वास्तविक करवतीच्या दोन जाती आहेत. झाड आडवे तोडणारी करवत आणि ओंडका उभा चिरणारी करवत, ह्यांचे दात निराळ्या घडणीचे असतात. ऊस हाती घेऊन पाहा. तो आडवा तोडताना त्याचे धागे सुरीने छेदावे लागतात. उभा सोलताना धाग्यांमधून वाट काढावी लागते. लाकूड म्हणजे अशाच लांब नळ्यांची मोळी होय. म्हणून आडव्या करवतीचा दात सुरीसारखा धारदार व तिरपा, तर उभ्या करवतीचा दात पटाशीच्या टोकासारखा सपाट घासलेला असतो. आडव्या करवतीने उभे चिरू लागलो तर माणूस थकतो, लाकूड तापते आणि काम मात्र पुढे सरकत नाही. शिवाय दात एकाआड एक डावीउजवीकडे किंचित वाकविलेले असतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद होते व पाते अडकत नाही. ह्या रुंदीचा हिशेब पुढे येणार आहे, तो ध्यानात ठेवावा.

यंत्रे येण्यापूर्वी ओंडका उंच घोडीवर चढवून, किंवा खड्ड्यावर आडवा टाकून, एक माणूस वर व एक खाली अशा दोघांनी लांब करवत ओढावी अशी रीत होती. पंचतंत्रातील खुंटी उपटणाऱ्या वानराची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. सुतार जेवावयास गेले असता अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातील पाचर वानराने उपटली आणि चीर मिटून तो प्राणास मुकला. गोष्टीचे तात्पर्य आपण पाठ करतो. पण तेथे पाचर मारली होती ती कशासाठी, हे सहसा कोणी विचारीत नाही. उभ्या झाडाच्या खोडात ताण साठलेला असतो. बाहेरचा भाग ओढला गेलेला आणि आतला दाबलेला असतो. खोड चिरताच हा ताण मोकळा होतो व कधी चीर फाकते, तर कधी चिमट्यासारखी मिटून करवतीचे पाते धरून ठेवते. कललेल्या झाडात हा ताण विशेष. म्हणून चिरीत पाचर ठोकीत पुढे जावे लागते. आजचे यंत्रही ह्या नियमातून सुटलेले नाही.

पट्ट्यासारख्या अखंड पात्याच्या करवतीची कल्पना इंग्लंडमध्ये १८०८ साली विल्यम न्यूबेरी ह्याने मांडली व तिचा एकाधिकारही मिळविला; परंतु पात्याची दोन टोके जोडली की सांधा तुटे, म्हणून ती जवळजवळ चाळीस वर्षे कागदावरच राहिली. पुढे १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये सांध्याची युक्ती सुधारली, तेव्हा कोठे ही करवत कारखान्यात आली. आपण नागपुरात जिला आरा मशीन म्हणतो ती हीच. दोन मोठ्या चाकांवर पाते फिरते आणि ट्रॉलीवर बसविलेला ओंडका त्याकडे ढकलला जातो. ह्याच यंत्राचे हलके, ओंडक्यापाशी नेता येईल असे रूप अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले. त्यात ओंडका स्थिर असतो व पाते रुळांवरून पुढे सरकते. आमच्या विद्यार्थ्याने पाहिलेले चलच्चित्र ह्याच यंत्राचे होते. तिसरा प्रकार साखळी करवतीचा. झाड तोडावयाच्या साखळी करवतीला लोखंडी चौकट लावून तिने फळ्या पाडता येतात. तीनांत हा सर्वांत स्वस्त. पण त्याची खरी किंमत कशी भरावी लागते ते पाहा.

समजा, ३०० मिलिमीटर जाडीची तुळई आहे व तिच्यातून २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढावयाच्या आहेत. भागाकार करून विद्यार्थी लगेच १२ असे उत्तर देतील. ते चूक आहे, कारण प्रत्येक चिरीत काही लाकूड भुसा होऊन जाते. पातळ पट्टा करवतीची चीर सुमारे २ मिलिमीटर धरली तर ११ फळ्या निघतात. ११ फळ्यांचे २७५ व मधल्या १० चिरांचे २० मिळून २९५ होतात. हाताच्या मोठ्या करवतीची चीर ४ मिलिमीटर धरली तर १० फळ्या पडतात. साखळी करवतीची चीर ९ मिलिमीटरच्या आसपास असते. तिने ९ फळ्या निघतात आणि ८ चिरांत ७२ मिलिमीटर लाकूड, म्हणजे जवळजवळ तीन फळ्यांचा ऐवज, भुशात जातो. सागासारखे लाकूड असेल तर ह्या भुशाची किंमत प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावी.

ओंडक्याच्या मापाचाही एक हिशेब आहे, तो शेतकरी पालकांस विशेष उपयोगी पडेल. लाकडाच्या व्यापारात ओंडक्याचा घेर मोजून त्याची चौथाई घेतात, तिचा वर्ग करून लांबीने गुणतात व येईल ते घनफूट धरतात. घेर ४ फूट व लांबी १० फूट असेल तर चौथाई १, वर्ग १ आणि माप १० घनफूट झाले. भूमितीच्या सूत्राने त्याच ओंडक्याचे घनफळ काढा, ते १२.७३ घनफूट येते. मग व्यापारी लबाड म्हणावा काय? तसे नाही. ही मोजण्याची जुनी रूढी आहे आणि कापताना होणारी घट तीत आधीच वजा केलेली आहे. त्या ओंडक्यातून निघणारी मोठ्यात मोठी चौरस तुळई साधारण १०.८ इंच बाजूची होईल, व तिचे घनफळ ८.१ घनफूटच भरेल. फरक पडतो तो दुसरीकडे. ओंडका विकताना चौथाईचे माप लागते आणि कापलेली फळी विकत घेताना पुरे माप लागते. ही दोन मापे एकच आहेत असे समजून जो भावाची तुलना करतो तो फसतो. दहावीच्या मुलांनी ३.१४ हा आकडा परीक्षेपुरता न ठेवता शेतावरच्या एका झाडाभोवती दोरी गुंडाळून पाहावा.

आता माझ्या फजितीकडे वळतो. धंतोलीतील आमच्या घराच्या अंगणात आजोबांनी लावलेला कडुनिंब होता. जून २०१९ मध्ये एका रात्रीच्या वादळात तो मुळासकट आडवा झाला. शहरातील झाडाला १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू असल्यामुळे पडलेल्या झाडाची वर्दी महानगरपालिकेच्या उद्यान विभागास देऊन रीतसर परवानगी घेतली. एवढे मात्र मी नीट केले. पुढचे सगळे चुकले. खोडाचे लाकूड जळणात घालवावयाचे नाही, वडिलांना बसावयास त्याचा बाक व मला टेबल करावयाचे, असा बेत होता. खर्च वाचावा म्हणून साखळी करवतवाला एक मनुष्य बोलावून अंगणातच फळ्या पाडावयास लावल्या. पंधरा-वीस मिनिटांत मोठा कडाका झाला, ठिणगी उडाली आणि तुटलेली साखळी कुंपणावर जाऊन आदळली. तो मनुष्य पात्याच्या रेषेत उभा नव्हता म्हणून वाचला. मी मात्र त्याच रेषेत, दहा हातांवर, हातात चहाचा पेला घेऊन उभा होतो. साखळी आणखी दोन हात डावीकडे गेली असती तर हा लेख लिहावयास मी उरलो नसतो.

साखळी तुटली ती लोखंडावर. लहानपणी आम्ही भावंडे ज्या कडीला झोका बांधीत असू, ती कडी खोडात होती. आम्ही मोठे झालो, दोर कुजून गेला, कडी हळूहळू झाडाने गिळली, आणि घरातील सर्वांना तिचा विसर पडला. येथे वनस्पतिशास्त्राचा एक मुद्दा आहे. झाड उंच होते ते शेंड्याकडून. खोड जाड होते ते सालीखालच्या एका पातळ थराकडून. म्हणून तीस वर्षांपूर्वी पुरुषभर उंचीवर ठोकलेला खिळा आजही पुरुषभर उंचीवरच असतो, फक्त तो आत आत जातो. रस्त्याकडेच्या व अंगणातील झाडांत असे खिळे, तारा, पाट्यांचे स्क्रू हटकून सापडतात. जाणते मिस्त्री म्हणूनच अंगणातील झाड नाखुषीने हाती घेतात.

उरलेला ओंडका मी टेंपोत घालून, रेल्वेचा रूळ ओलांडून, लकडगंजात नेला. हे नागपूरचे लाकडाचे जुने पेठस्थान. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग, बल्लारशाहच्या सरकारी आगारातील लिलावाचा माल आणि हल्ली परदेशचे लाकूडही येथे येऊन पडते. (दिल्लीच्या ज्या नव्या संसद-भवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले, त्यातील सागही नागपूरहून नेलेला आहे, हे आमच्या मुलांना सांगितले म्हणजे त्यांची छाती फुगते.) तेथील एका वृद्ध मिस्त्रींनी ओंडक्याची दोन्ही टोके ओल्या फडक्याने पुसली, न्याहाळली आणि निळसर-काळ्या डागावर बोट ठेवून विचारले, "झुला होता काय घरी?" मी थक्क झालो. लोखंड व लाकडातील तुरट द्रव्य ह्यांच्या संयोगाने असा काळा डाग पडतो व तो लाकडाच्या धाग्यांबरोबर लांबवर पसरतो. आपण शाई करण्याचा प्रयोग शिकतो त्यातलाच हा प्रकार. कडी तर पहिल्याच दिवशी निघाली होती. पण डागाच्या मागाने त्यांनी तिच्याच जोडीची दुसरी कडी शोधून छिन्नीने काढली, तेव्हाच यंत्र चालू केले. तिची मला आठवणसुद्धा नव्हती. झोक्याला कड्या दोन असतात, हे खरे म्हणजे मला सुचावयास हवे होते.

माझी दुसरी चूक लाकूड वाळविण्यात झाली, आणि ह्या भागावर मी जरा अधिक लिहिणार आहे. कारण फळी पाडणे तासाभराचे काम असून ती फळी फळीच्याच आकारात टिकविणे हे महिनोगणतीचे काम आहे. अंगणात निघालेल्या चौदा फळ्या मी पावसाळाभर ओसरीच्या बोळात एकीवर एक रचून ठेवल्या. त्यांना बुरशी आली. ती पाहून ऑक्टोबरच्या उन्हात त्या गच्चीवर पसरल्या. आठ दिवसांत कित्येकींची टोके हातभर उलली, काही पन्हाळीसारख्या वळल्या. चौदांतून पाच हाती लागल्या. आजोबांनी लावलेल्या झाडाचा हा हिशेब वडिलांपुढे मांडताना मला फार शरम वाटली. ते काही बोलले नाहीत, म्हणून अधिकच.

हे असे का होते? ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते, नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतींत. पोकळीतील पाणी गेले तर लाकूड हलके होते, पण आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के एवढेच पाणी उरले म्हणजे पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. तेथून पुढे भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसू लागते. ते सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. वार्षिक वलयांना काटकोनात, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, थोडे. आणि वलयांच्या रेषेने त्याच्या साधारण दुप्पट. सागात ही प्रमाणे सुमारे अडीच टक्के व पाच टक्के अशी आहेत. साग दारासाठी इतका नावाजला तो आकुंचन कमी म्हणूनही. फळीच्या टोकाकडे पाहिले तर वलयांच्या कमानी दिसतात. वाळताना त्या कमानी सरळ होऊ पाहतात; म्हणून फळीची सालीकडची बाजू खोलगट होते. हा नियम माहीत असला म्हणजे कोणती फळी कोणीकडे वळेल हे आधीच सांगता येते. अगदी मधली, भेंडाची फळी बहुधा फुटतेच. ती मिस्त्रीस सांगून वेगळी काढवावी व खुंट्या-पाचरांना वापरावी.

ह्याचमुळे ओंडका कसा उघडावा हे यंत्र चालू होण्यापूर्वी ठरले पाहिजे. सरळ एकामागून एक थर काढले तर फळ्या रुंद निघतात व लाकूड कमी वाया जाते, पण कडेच्या फळ्या वळतात. ओंडक्याचे आधी चार भाग करून प्रत्येक भागातून गाभ्याच्या दिशेने फळ्या काढल्या तर त्या अरुंद निघतात, भुसा अधिक पडतो, पण त्या सरळ राहतात. दाराच्या चौकटीस व टेबलाच्या वरच्या फळीस दुसरी रीत बरी. फडताळाच्या पाठीस पहिली चालेल. बाहेरचे फिकट लाकूड व आतला गाभा ह्यांतही भेद करावा. फिकट भागात किड्याचे अन्न असते आणि पोखरणारा किडा तेथूनच शिरतो. तो भाग वापरावाच लागला तर टाकणखार व बोरिक आम्ल ह्यांच्या द्रावणाचा उपचार करून घ्यावा.

फळ्या घरी आल्यावर काय करावयाचे ते सांगतो. ज्या दिवशी कापल्या त्याच दिवशी त्यांच्या टोकांना जाड रंग किंवा मेण फासावे; पाणी टोकांतून फार लवकर निसटते व फूट तेथूनच सुरू होते. जमिनीपासून हातभर उंच, अगदी सपाट बैठक करावी. फळ्यांच्या प्रत्येक थरावर दीड-दोन फुटांच्या अंतराने इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या आडव्या ठेवाव्या, आणि खालच्या थरातील पट्टीच्या बरोबर वरच वरच्या थरातील पट्टी येईल असे पाहावे. पट्टी सरकली की त्या जागी फळीला बाक येतो. सर्वांत वर दगड ठेवून भार द्यावा. ऊन व पाऊस लागू नये, वारा मात्र खेळावा. थंड देशांत इंचभर जाडीस एक वर्ष असा ठोकताळा आहे. आपल्या मुलखात एवढा वेळ लागत नाही. उलट नागपुरात धोका घाईचा असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी होते, आणि फळीचा वरचा थर आतल्याआधी आकसून फाटतो. त्या दिवसांत रचलेल्या फळ्यांवर तरटे सोडावी व पश्चिमेची बाजू झाकावी.

लाकूड वाळले की नाही हे हाताने चाचपून कळत नाही. त्याच फळीचा वीतभर तुकडा आधीच कापून, टोकांना रंग लावून, फळ्यांच्याच राशीत ठेवावा व दर आठवड्यास तराजूत घालावा. वजन उतरत आहे तोवर लाकूड वाळत आहे. प्रयोगशाळा असेल तर अधिक बारकाईने पाहता येते. एक लहान तुकडा तोलावा, भट्टीत १०३ अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईतो ठेवून पुन्हा तोलावा. आधी १८० ग्रॅम व नंतर १२० ग्रॅम भरला तर पाणी ६० ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या ५० टक्के झाले.

इतके सांगून झाल्यावर मी त्या गृहस्थांस कायद्याची बाजू सांगितली, आणि खरे तर कर्जाचा निकाल तेथेच लागला. १९९५ साली दाखल झालेल्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ पासून जे हुकूम दिले त्यांनी देशातील आरागिरण्यांचे चित्र पालटले. ४ मार्च १९९७ च्या हुकुमात तर महाराष्ट्र व उत्तर प्रदेश ह्यांची नावे घेऊन तेथील विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद करण्यास सांगितले होते. पुढे केंद्र सरकारने २०१६ साली मार्गदर्शक नियम केले. त्यांप्रमाणे जंगलातून व शेतातून किती लाकूड उपलब्ध आहे हे पाहून राज्यस्तरीय समिती परवान्याचा विचार करते. जंगल तोडून गिरण्या चालत, म्हणून हे निर्बंध आले. ते जाचक वाटले तरी अकारण नाहीत. गावाचे लाकूड कापून देणारा मनुष्य, यंत्र कितीही लहान असो, आरागिरणीवालाच ठरणार. केवळ आपल्यापुरते हत्यार असले तरी त्यास परवाना लागतो की नाही, हे उपवनसंरक्षकांच्या कचेरीत लेखी विचारून घ्यावे. विकणाऱ्याच्या तोंडी ग्वाहीवर विसंबू नये.

झाड तोडण्याचा कायदा आणखी निराळा आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या अधिनियमाने साग, आंबा, मोह, चिंच, खैर, चंदन इत्यादी झाडे स्वतःच्या शेतातही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावरची नोंद, हद्दीची खात्री, वनखात्याची पाहणी, ओंडक्यावर हातोडीचा शिक्का व वाहतुकीचा परवाना, एवढ्या पायऱ्या चढल्यावर ओंडका रस्त्यावर येतो. शिक्का नसलेला ओंडका परवानाधारक गिरणी घेत नाही, आणि घेऊही नये.

त्या गृहस्थांनी हे शांतपणे ऐकले. मग आम्ही दोघांनी मुलालाच हिशेब करावयास सांगितले. चाळीस झाडे, प्रत्येकी सुमारे दहा घनफूट, एकंदर चारशे घनफूट. लहान यंत्रावर दोन माणसांनी सावकाश काम करून दिवसास चाळीस घनफूट कापले असे धरले तरी दहा दिवसांत काम संपले. सागाला चार फूट घेर येण्यास तीस-चाळीस वर्षे लागतात. दहा दिवसांच्या कामाचे यंत्र, आणि पुढचा ओंडका मिळेपर्यंत मुलगा पन्नाशीच्या घरात! मुलाने पेन्सिल खाली ठेवली व तो हसू लागला. वडीलही हसले, पण जरा वेळाने.

मुलाचा उत्साह मात्र मला मारावयाचा नव्हता. घरी करावयाचे काम पुष्कळ उरते, तेच त्याला सांगितले. झाडांचे घेर मोजणे, कोणत्या झाडातून काय निघेल ह्याचा तक्ता करणे, मिस्त्रीपुढे उभे राहून जाडी सांगणे, राशी रचणे, वजने टिपणे. कापलेल्या फळीला रंधा मारणे, सांधे करणे हे सुताराचे काम तो एखाद्या जाणत्याच्या हाताखाली शिकू शकतो. चालत्या पात्याजवळ मात्र अठरा वर्षांखालील मुलाने जाऊ नये, हे मी वडिलांकडून कबूल करून घेतले. ओंडक्याच्या वजनाची कल्पनाही मुलांना नसते. तीन मीटर लांब व पाऊण हात जाड असा ओला ओंडका पाव टनाच्या घरात भरतो. तो घरंगळला तर हाताने थांबत नाही. भुसाही निरुपद्रवी समजू नये. लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारण होते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदविले आहे; नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.

यंत्र घेतले नाही. त्यांनी सहा झाडांपुरता अर्ज केला. परवानगीस काही महिने लागले, खेटे पडले. गेल्या वर्षीच्या थंडीत झाडे तोडून, शिक्का व परवाना घेऊन, परवानाधारक गिरणीत ती कापून आणली. मुलगा दिवसभर ओंडक्याच्या टोकाशी, पात्याच्या रेषेपासून दूर, कागद घेऊन उभा होता. त्याच्या तक्त्यात बावन्न फळ्या होत्या, निघाल्या एकोणपन्नास. दोन ओंडक्यांचा गाभा पोकळ निघाला, तो बाहेरून कळण्यासारखा नव्हता.

फळ्या त्यांच्या ओसरीवर रचल्या आहेत. नमुन्याचा एक तुकडा त्या मुलाने शाळेस आणून दिला, तो विज्ञानाच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात टांगला आहे आणि दर शनिवारी वर्गातील मुले पाळीपाळीने त्याचे वजन भिंतीवरच्या कागदावर लिहितात. आणला त्या दिवशी तो १ किलो ८६० ग्रॅम होता. पावसाळ्यात मध्येच १५ ग्रॅम वाढला, तेव्हा मुलांत मोठा वाद माजला. गेल्या शनिवारी १ किलो २४० ग्रॅम भरला. त्याच्या आधीच्या शनिवारीही तेवढाच.